भवऱ्याचा वण

डॉक्टरीणबाई "शर्ट काढा" म्हणाल्या आणि आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. पोट माझं, पाचवा महिना मला, सोनोग्राफीच्या पलंगावर आडवी पडलेली मी, आणि शर्ट ह्यांनी काढायचा. ह्यांना वाटलं, बाई माझ्याशीच बोलतायत आणि चुकून ह्यांच्याकडं बघतायत.

"तुम्हीच," डॉ. बिडकर म्हणाल्या. "तो बैलाचा वण बघू दे मला."

बैलाचं नाव निघाल्यावर मात्र ह्यांची छाती फुगली. बटणं भराभर निघाली. कोपऱ्यातल्या स्टुलावर माझे सासरे बसले होते, त्यांना मी मामंजी म्हणते. तेही घसा खाकरून पुढं सरकले, कारण वण ह्यांचा असला तरी गोष्ट सांगायचा मान मामंजींचा. फक्त आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीबाहेर बघत राहिल्या. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत होती.

ती गोष्ट आमच्या गावात, सोयऱ्याधायऱ्यांत, अगदी तालुक्याच्या एसटी स्टँडावरसुद्धा ठाऊक होती. हे चार वर्षांचे असताना बेंदराच्या दिवशी बैलांची मिरवणूक निघाली. मामंजींचा भवऱ्या, कपाळावर भोवरा असलेला पांढराशुभ्र खिलार, हलगीच्या आवाजानं बिथरला आणि त्यानं लेकराला शिंगावर घेतलं. मामंजी त्याच शिंगाला लोंबकळले आणि पोराला ओढून काढलं. मला बघायला आले तेव्हा ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. त्या वेळी हे शेणाच्या ढिगावर पडले होते. लग्नात कुंपणापलीकडं पडले. पहिल्या दिवाळसणापर्यंत भवऱ्यानं त्यांना खंडोबाच्या देवळावरून पलीकडं टाकलं होतं. पण शेवटचं वाक्य मामंजींनी कधी बदललं नाही. "बैलाचा दोष नव्हता बरं का. लई गुणी जनावर," असं म्हणून ते गप्प व्हायचे आणि चहा मागायचे.

माझ्या वडलांना ती गोष्ट फार आवडली. एवढ्यातून वाचलेला जावई म्हणजे खणखणीत नाणं, असं ते घरी जाऊन म्हणाले. मला तर त्यात महादेवाचाच हात दिसला. त्याच्या वाहनानं शिंगावर घेतलेलं माझं कुंकू त्याच्याच वाहनानं जिवंत खाली ठेवलं, याची काहीतरी फेड करायलाच हवी. माझ्या आठवड्यात तसाही एक वार रिकामा नसतो. मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. सोमवारी मी नवीन नेम धरला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ आधी एखाद्या बैलाच्या मुखात पडायचा, मग मी तोंडात पाणी घ्यायचं.

नेम धरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, की गावात ट्रॅक्टर येऊन बैल कमी झालेत. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या बैलगाड्या असायच्या, तेव्हा सोमवार सोपा जायचा. एरवी डबा घेऊन बैल शोधत फिरायची पाळी. हे मोटरसायकलवरून मला न्यायचे खरे, पण बैल दिसला की दूर थांबायचे, इंजिन चालू ठेवून. बैल बघितला की वणाखाली कळ येते म्हणायचे. ज्या माणसाला बैलानं देवळावरून फेकलंय त्यानं एवढं भ्यायला हरकत नाही, असं मीही समजून घ्यायची.

अशा घरात मला दिवस राहिले. पपई बंद झाली, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसणं बंद झालं. ग्रहण लागलं तेव्हा आत्याबाईंनी मला विळी, सुई, कात्री सगळ्यांपासून लांब भिंतीला टेकवून बसवलं. मी हलले नाही. नाकाला खाज आली तेव्हा आत्याबाईंनी ती त्यांच्या हातानं भागवली. बाळाच्या बाबतीत आम्ही काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. त्यामुळं सांगलीला डॉ. बिडकरांकडं गेलो ते शाबासकी घ्यायलाच.

बाईंनी यंत्र पोटावर फिरवलं, पुन्हा फिरवलं, मला कुशीवर वळवलं, बाहेर जाऊन चक्कर मारून यायला लावलं. बाळ पाठ करून बसलं होतं. बाकी सगळं दिसलं, हृदय नीट दिसेना. मी हळूच सांगितलं की ग्रहण मी कडक पाळलंय. बाई म्हणाल्या की पाळलंत तर पाळलंत, पण बाळाचं हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतं आणि त्याला ग्रहणाशी देणंघेणं नसतं. त्याला कशाकशाशी असतं ते मी विचारते, तुम्ही खरं सांगा.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. दिवस राहण्याआधीपासून साखरेचा आजार होता का? सुरुवातीला ताप आणि अंगावर पुरळ? फिट्सच्या, मुरुमांच्या, कसल्या गोळ्या? सगळ्याला मी नाही म्हटलं. तंबाखूचा प्रश्न यायच्या आतच आत्याबाई बोलल्या, की मिश्री त्या स्वतः लावतात, सुनेला बोटसुद्धा लावू देत नाहीत. दारूचा प्रश्न मामंजींना फार लागला. लग्न नात्यात झालंय का, यावर ते म्हणाले की नाही, मुलगी मुद्दाम लांबची केली. 'मुद्दाम' या शब्दाला आत्याबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"आणि दोन्ही घरांत कुणाला जन्मापासून हृदयाचं काही? एखादं छिद्र, एखादं ऑपरेशन?"

मामंजी हसले. आमच्या घराण्यात हृदय कुठं असतं हे मरेपर्यंत कुणाला कळत नाही, असं काहीतरी म्हणाले. माझ्या मनात आलं, डॉक्टरांपुढं काही झाकून ठेवू नये. म्हणून मी विचारलं की आमच्या ह्यांना लहानपणी बैलाचं शिंग डाव्या बरगडीतून पाठीपर्यंत गेलंय, त्याचा बाळाला काही त्रास होईल का. बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि शर्ट काढायला सांगितला तो त्यामुळं.

वण बघायला त्यांनी चष्मा घातला. तो काखेखालून निघून पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली गोल वळला होता. दोन्ही कडांना बारीक ठिपके होते आणि जरा खाली, बरगड्यांत, बोटाएवढा एक वेगळा गोल वण.

"फार सुबक काम आहे," बाई म्हणाल्या. "बैल शिकलेला होता का?"

"शिवलं ते कंपाउंडरनं," मामंजी म्हणाले.

"आणि हा खालचा गोल?"

"ते दुसरं शिंग. बैलाला दोन असत्यात."

बाईंची मदतनीस तोंडावर रुमाल धरून कपाटाकडं वळली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"आजोबा, तुमच्या या दुसऱ्या शिंगातून आम्ही ऑपरेशननंतर नळी घालतो. असले वण मी शिकत असताना रोज बघितलेत." मग त्या खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या आणि शाळेतल्या बाई समजावतात तसं सावकाश समजावायला लागल्या. शंभर बाळांत एखाद्याच्या हृदयात जन्मतः काहीतरी राहून जातं. बापाच्या किंवा आईच्याच हृदयात तसं असेल, तर शंभरात एकाऐवजी तीन-चार धरायची. बाकीची सगळी ठणठणीत निघतात, तेव्हा घाबरायचं नाही. पण मग बघायला मात्र लागतं. कोल्हापूरला लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत, या आठवड्यातच त्यांच्याकडं जायचं. काही असलंच तर बाळंतपण कुठं करायचं, जन्मल्याबरोबर बाळाला कुठं न्यायचं, हे आधी ठरवता येतं. न कळता एखाद्या आडगावात जन्मलं तर हातात वेळ राहत नाही.

"बैल असेल तर घरी जा, चहा प्या, पुढच्या महिन्यात या. ऑपरेशन असेल तर कोल्हापूर. एवढंच सांगा, काय होतं?"

मामंजींनी जमिनीकडं बघत सांगितलं, "बैल."

हेही मदतीला धावले. "मला स्वतःला आठवतंय डॉक्टर. पांढरा होता. फिनेलचा वास येत होता."

"बैलाला?"

"हो. आणि मला मोसंबं दिलं होतं सोलून."

"बैलानं?"

एवढ्या वर्षांत ह्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

मी पलंगावर उठून बसले. पोटावर ते गार चिकट तसंच होतं. सून म्हणून आल्यापासून मामंजींसमोर मी पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशीही चढवला नाही. मी पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली. खंडोबा आमच्या घरचा देव, त्याचा भंडारा अंघोळीनंतर मी रोज कपाळाला लावते, म्हणून पुडी जवळ असतेच.

"मामंजी, हात करा," मी म्हटलं.

त्यांनी सवयीनं हात पुढं केला. प्रसाद असेल असं वाटलं असावं. मी तळहातभर भंडारा ओतला.

"एवढा भंडारा उचलून म्हणा, बैल होता. मग मी मुकाट घरी येते. परत कधी विचारणार नाही."

आमच्याकडं माणूस एक वेळ पंचायतीत खोटं बोलेल, कोर्टात बोलेल, पण भंडारा हातात असताना बोलणार नाही. मामंजी हाताकडं बघत बसले. तो भंडारा झटकता येत नव्हता, खाली ठेवता येत नव्हता, मूठ वळली तर उचलल्यासारखं झालं असतं. वरून पंख्यानं तो हळूहळू उडायला लागला आणि सोनोग्राफीच्या यंत्रावर पिवळी धूळ बसायला लागली. बाईंनी तेवढ्याच हळू आवाजात पंखा बंद करायला सांगितला.

मामंजींनी तोंड उघडलं. आम्ही सगळे पुढं वाकलो. आणि त्यांना शिंक आली. अख्खा भंडारा ह्यांच्या उघड्या छातीवर गेला. हे हळद लागलेल्या नवऱ्या मुलासारखे पिवळेधमक होऊन उभे राहिले.

आत्याबाई खिडकीतून न वळताच बोलल्या. "देवानंच उधळला. आता बोला, न्हाईतर मी बोलते."

"बैल नव्हता," मामंजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, रिकामा पिवळा हात तसाच पुढं धरून. हे लहानपणी सारखे खोकायचे, धाप लागायची, अंगावर मांस धरत नव्हतं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं की हृदयाजवळची एक नळी जन्मल्यावर आपोआप मिटते ती मिटली नाही, ती बांधायला हवी. बांधली. पोरगं परत आलं ते पळतच. पण आत्याबाईंच्या भावानं पाळण्यातच आपली मुलगी ह्यांना द्यायची ठरवली होती, त्यानं निरोप धाडला की काळीज फाडलेल्या पोराला आम्ही मुलगी देत नाही. आपला मामाच असं म्हणतो तर परका काय म्हणेल? पुढं बेंदराला विहिरीवर पोरं पोहत असताना कुणीतरी विचारलं, हा वण कसला, आणि मामंजींच्या तोंडून भवऱ्याचं नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते परत आत कसं घालणार?

"म्हणजे भवऱ्या नव्हताच?" ह्यांनी विचारलं. बायको गरोदर आहे, बाळाच्या हृदयाचं बघायचंय, यातलं त्यांना त्या क्षणी काही सुचत नव्हतं. त्यांचा बैल गेला होता.

"व्हता की," मामंजी म्हणाले आणि हात धुवायला बाहेर गेले.

कोल्हापूरची वेळ नेमकी सोमवारची मिळाली. पहाटे अंधारातच निघालो, वाटेत कुठं थांबायला सवड झाली नाही, त्यामुळं डाळ-गुळाचा डबा माझ्या मांडीवर तसाच राहिला. उपाशी राहायचं नाही असं बिडकरबाईंनी मला बजावलं होतं, म्हणून मी महादेवाला आधीच सांगून ठेवलं होतं की बाळ येईपर्यंत दूध चालवून घे. दूध पिऊन मी त्या डॉक्टरांच्या पलंगावर पडले. डॉक्टर वयानं ह्यांच्यापेक्षाही लहान. ते नुसते पडद्यावर बघत होते. मी माझे आठवड्याचे सगळे वार एकापाठोपाठ म्हणून घेतले, आणि एकेका देवाला सांगितलं की यात काही माझी हयगय झाली असेल तर ती माझ्याकडून वसूल करा, आतल्याकडून नको.

या वेळी बाळ तोंड समोर करून बसलं होतं. शेवटी डॉक्टरांनी यंत्र उचललं, सगळ्यांना आत बोलावलं आणि सांगितलं की चारही कप्पे नीट आहेत, झडपा नीट आहेत, रक्त जिथून जायला हवं तिथूनच जातंय. मी डोळे मिटले. आत्याबाईंनी माझी पावलं पदरानं झाकली. त्यांना नेहमी माझ्या पावलांना गार लागेल असं वाटायचं.

मामंजींनी मात्र विचारलं, "आणि ती नळी? मिटलेली हाय का?"

"ती आत्ता उघडीच असते, आजोबा. पोटात असताना प्रत्येक बाळाची उघडीच असते, असायलाच लागते. जन्मल्यावर मिटते. तुमच्या मुलाची तेवढी मिटायची राहिली होती. या बाळाची आपण जन्मल्यावर बघू."

"परतेक बाळाची?"

"प्रत्येक."

"तुमची पण व्हती?"

"माझीही होती."

मामंजींनी डॉक्टरांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "आणि लग्न झालं तुमचं?"

"झालं की."

मामंजी भिंतीला धरून बाहेर गेले आणि बाकावर बसले. एवढी वर्षं मी नुसता बैल उधळत बसलो, असं आत्याबाईंना म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, मी तेव्हाच सांगत होते.

परत येताना हे गाडी चालवत होते, मामंजी त्यांच्या शेजारी, आम्ही दोघी मागं. बाळाचं चांगलं कळल्यानं हे फार खुशीत होते. आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले की आता तुझा सोमवार सुटला. बैलानं उचललंच नाही तर त्यानं वाचवलं कुठं? खरंच होतं ते. एवढे सोमवार मी भलत्याच पत्त्यावर पोचवत होते. मांडीवरचा डबा मला एकदम जड वाटायला लागला.

कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग उभी होती. मामंजी म्हणाले, "संपत, गाडी थांबीव."

ते उतरले, मागचं दार उघडून माझ्या मांडीवरचा डबा घेतला आणि रांगेतल्या एका पांढऱ्या बैलापुढं जाऊन उभे राहिले. गाडीवानाला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मामंजींनी ओंजळ भरून पुढं केली. बैल ओंजळीतून खात होता आणि ते त्याचं कपाळ चोळत होते, भोवरा असायला हवा त्या जागी. मी पदर घेऊन जवळ गेले. माझ्यामागून हेही आले, म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्या कडेपर्यंत.

"आटपाडीच्या बाजारात इकला त्याला," मामंजी बैलाकडंच बघत म्हणाले. "मुंबईला जायाला घरात दुसरं काय व्हतं? मुकाट गेला. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं तरी हिसडा मारला न्हाई." त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. "ज्यानं पोर वाचवलं त्याच्यावरच आळ घातला मी. त्यो काय सांगायला येणार न्हवता, म्हणून."

बेंदराच्या प्रत्येक गोष्टीचं ते शेवटचं वाक्य मला आठवलं, आणि चहा मागण्याआधीचं त्यांचं गप्प होणंही.

हे रस्ता ओलांडून आले. डब्यातला उरलेला गुळाचा खडा त्यांनी उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा बैलापुढं हात केला. हात मागं घेतला नाही. बैलानं मान वळवली, हुंगलं, आणि नाकातून एक मोठा फुत्कार सोडला. आम्ही वळून बघितलं तेव्हा हे गाडीत होते आणि काच वर होती.

गूळ रस्त्यावर पडला होता. तो पुसून मीच बैलाला दिला आणि मग गाडीवानाकडच्या कळशीतलं पाणी प्यायले.

मुलगी झाली. मामंजींनी नाव भवरी सुचवलं, तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. नाव गिरिजा ठेवलं. तिची नळी वेळच्या वेळी मिटली, आता ती शाळेत उंच उडी मारते. बापाचा वण कसला हे तिला ठाऊक आहे आणि ती ते कुणालाही सांगते. मामंजीही आता खरीच गोष्ट सांगतात. फक्त त्या गोष्टीतल्या ऑपरेशनला डॉक्टर वाढत चाललेत, आणि मागच्या बेंदरापासून मुंबईला निघालेल्या एसटीमागं भवऱ्या आटपाडीपासून पळत येतो.

सोमवार चालूच आहे. डबा हल्ली मामंजी भरतात, आणि गूळ माझ्यापेक्षा जास्त घालतात.